खेचरांच्या वाटेने सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे नाशिकचे, वय ६२ आणि ५८. ऑक्टोबरमध्ये मुलीकडे मेरीलँडला जाणार आहोत. घरी रोज सकाळी दहा-बारा किलोमीटर सायकल चालवतो, पण तिकडच्या भरधाव रस्त्यांवर उतरण्याचा धीर होत नाही. पोटोमॅक नदीच्या काठाने एक जुना कालवा जातो आणि त्याच्या कडेने वाहनविरहित वाट आहे, असे मुलगी सांगते. ती आम्हाला झेपेल का? सायकल कोणती घ्यावी?

उत्तर : निश्चित झेपेल. ही वाट चेसापीक अँड ओहायो कालव्याची. ती वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर जाते. वाट सोपी का आहे, हे एकदा ध्यानात आले की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. या कालव्यातून कोळशाच्या बोटी चालत आणि त्या काठावरून खेचरे दोराने ओढत नेत. ओझे ओढणाऱ्या जनावराला चढ परवडत नाही, म्हणून वाट मैलोन्‌मैल सपाट ठेवली आणि उंची गाठण्याचे सारे काम ७४ लॉकांवर सोपवले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले दगडी कुंड. त्यात पाणी भरून बोट वरच्या पातळीवर उचलली जाई. सायकलस्वाराला लॉकपाशी तेवढा एक छोटा उतार किंवा चढ लागतो, आणि पुढे पुन्हा सपाटी. संपूर्ण वाटेची चढण ६०५ फूट, म्हणजे १८४ मीटर भरते. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या चढाच्या निम्मीही ती नाही, आणि तीसुद्धा तीनशे किलोमीटरवर पसरलेली.

सुरुवातीला जॉर्जटाउनची बाजू टाळावी, असे माझे मत आहे. ग्रेट फॉल्सपर्यंतचा पहिला टप्पा देखणा आहे आणि कालव्यात पाणीही आहे, परंतु सुटीच्या दिवशी तिथे चालणाऱ्यांची, मुलांची आणि कुत्र्यांची एवढी वर्दळ असते की तुम्हाला मनासारखे चालवता येणार नाही. त्यापेक्षा मुलीला ब्रन्सविक या रेल्वेच्या गावी गाडीने सोडायला सांगा. तिथून हार्पर्स फेरी या गावाच्या समोरचा काठ नऊ किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन अठरा. तिथे शेनँडोआ नदी पोटोमॅकला मिळते आणि पादचारी पुलावरून सायकल हातात धरून पलीकडच्या जुन्या गावात जाता येते. गुलामगिरीविरुद्ध जॉन ब्राउन याने १८५९ मध्ये ज्या शस्त्रागारावर छापा घातला, ते याच गावातले. एक मात्र आधीच सांगून ठेवतो : या भागात कालवा कोरडा आहे आणि त्याच्या पात्रात मोठाली झाडे वाढली आहेत. भरून वाहणारे पाणी डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर विरस होईल. नदी मात्र उजव्या-डाव्या हाताला सतत सोबत असते.

सायकल रस्त्यावरच्या शर्यतीची, बारीक टायरची घेऊ नये. वाट मातीची आणि बारीक खडीची आहे, मधून झाडांची मुळे वर आलेली असतात. भाड्याने घेताना ४० मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर असलेली ग्रॅव्हल बाइक (खडीच्या वाटेसाठीची सायकल) किंवा साधी हायब्रिड मागा, आणि टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा. मनगटांना आणि पाठीला त्याने फार आराम मिळतो. घंटी हवीच. या वाटेवर पादचाऱ्याचा आणि घोडेस्वाराचा मान आधी, सायकलस्वाराचा नंतर. काठच्या झुडपात तीन-तीन पानांच्या झुबक्यांची ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेल असते. तिला हात लागला तर अंगावर पुरळ उठते. म्हणून विसाव्यासाठी मोकळी जागा पाहून बसा आणि घरी परतल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे न विसरता तपासा.

प्रश्न : मी पिट्सबर्गला राहतो. पंधरा वर्षांच्या मुलासह पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन हा सगळा प्रवास तंबू बांधून करायचा विचार आहे. याच दिशेने जावे की उलट? चिखलाबद्दल बरेच ऐकले आहे, ते खरे आहे का?

उत्तर : तुमच्या घरापासून निघणे हेच उत्तम. पिट्सबर्ग ते कंबरलँड ही १५० मैलांची ग्रेट अलेगेनी पॅसेज वाट जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेली आहे. पिट्सबर्गकडून येताना २,३९२ फुटांवरच्या जलविभाजकापर्यंतचा, म्हणजे दोन बाजूंच्या नद्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या माथ्यापर्यंतचा, चढ शंभराहून अधिक मैलांत इतका विरघळलेला असतो की मुलाला तो जाणवणारही नाही. तिथून कंबरलँडपर्यंत मात्र चोवीस मैलांची सलग उतरण मिळते. उलट दिशेने आलात तर हेच चोवीस मैल चढावे लागतील. माथ्याजवळचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा सहलीचे दिवस त्या हिशेबाने ठरवा.

चिखलाचे म्हणणे खरे आहे. रेल्वेवाटेवरची चुनखडीची कच पाऊस झटकन पिऊन टाकते. कंबरलँडनंतरच्या कालव्याच्या वाटेत मात्र चिकणमाती आहे आणि दोन दिवसांच्या पावसानंतर तिच्यात चाके अक्षरशः रुततात. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर फट नसेल तर चिखल तिथे थापला जातो आणि चाक फिरेनासे होते. पहिल्या खेपेस मी दर मैलाला थांबून काटकीने तो उकरत होतो. त्या दिवशी ठरवलेल्या अंतराच्या निम्मेही झाले नाही. पाऊस झालाच तर हॅनकॉकच्या परिसरात कालव्याला समांतर जाणारी वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल ही डांबरी वाट धरा, ती सुमारे अठ्ठावीस मैल तुम्हाला चिखलातून सोडवेल.

कालव्याच्या काठी दर काही मैलांवर सायकलस्वारांसाठी तळ आहेत. तिथे हातपंप, बाक-टेबल आणि शौचालय असते, पैसे पडत नाहीत. पंपाच्या पाण्याला आयोडिनची चव येते. हिवाळ्यात पंप बंद असतात. कंबरलँड ते हॅनकॉक या साठ मैलांत दुकाने फारच तुरळक आहेत, म्हणून दोन दिवसांचा शिधा कंबरलँडमध्येच भरून घ्या. याच टप्प्यात पॉ पॉ बोगदा लागतो. ३,११८ फूट लांबीचा, आतून विटांनी बांधलेला हा बोगदा १८३६ मध्ये सुरू झाला आणि पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. आत काळोख असतो आणि काठची वाट अरुंद आहे. दिवा लावून, सायकल हातात धरून चालतच जा. घाई करू नका, विटांवरून हात फिरवा, आणि दोराच्या घर्षणाने कठड्यांवर पडलेल्या खाचा मुलाला दाखवा.

एकूण ३३५ मैलांना मी मुलासह आठ दिवस धरीन.

प्रश्न : बारामती तालुक्यात आमच्या शिवारातून नीरा डावा कालवा जातो. त्याच्या भरावावरून सायकल चालवता येईल का? अमेरिकेत जमले ते इथे का जमू नये?

उत्तर : तुमच्या प्रश्नातली कळकळ मलाही आहे, म्हणून फरक स्पष्ट सांगतो. आपले कालवे सिंचनाचे आहेत. समपातळीवर आखलेले असल्याने त्यांच्या कडेचा रस्ताही सपाट असतो, परंतु तो पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी बांधलेला आहे, आणि आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना त्या कालव्यात वेगाने पाणी वाहत असते. अस्तरीकरण केलेल्या बाजूवरून घसरलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर येणे अत्यंत कठीण जाते. मेरीलँडच्या कालव्यातली वाहतूक १९२४ च्या पुरानंतर कायमची थांबली होती आणि १९३८ मध्ये सरकारने तो सलग विकत घेतला होता. तरीही पुढे त्यावर मोटाररस्ता करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ च्या मार्चमध्ये कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत पायी चालत आले, आणि रस्त्याची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांनाही त्यांनी सोबत येण्याचे आव्हान दिले. रस्ता टळला; १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

तुम्ही आधी खात्याच्या स्थानिक शाखा कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करा. परवानगी मिळाल्यास आवर्तन नसलेले दिवस निवडा, पावसाळ्यात काळ्या मातीच्या भरावावर अजिबात जाऊ नका, आणि उसाच्या तोडणीच्या काळात समोरून ट्रॅक्टर येईल हे धरूनच चालवा. मुलांना न्यायचे असेल तर पाण्याच्या बाजूला नेहमी मोठ्या माणसाने राहावे.