जुन्या वाड्याच्या लाकूडकामाला हात लावण्यापूर्वी

पहिलेच काम जुन्या वाड्याचे मिळाले आहे, तर पहिले दोन दिवस हत्यारे पिशवीतच राहू द्या आणि टोच्या घेऊन प्रत्येक खांबाचा बुंधा, तुळईची भिंतीत शिरलेली टोके व कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या टोचून पाहा. सागवान वरून काळवंडलेले दिसले तरी आत बहुधा ठणठणीत असते. टोच्या लोण्यात शिरावा तसा शिरला, तरच ते गेले असे समजावे.

खांब सहसा तळखड्याजवळ, म्हणजे खालच्या दगडी बैठकीजवळ, कुजतो. अशा वेळी सबंध खांब न बदलता, तुळईला जॅक व टेकू देऊन भार काढून घ्यावा, कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापावा आणि पाडलेल्या घरातून मिळालेल्या जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या खाचेने सांधून लाकडी खुंट्यांनी पक्का करावा. बुंध्याभोवती सिमेंट मात्र मुळीच भरू नये, कारण त्यात ओल कोंडते आणि नवा तुकडाही कुजतो. मालक आग्रह धरतात. त्यांना समजावणे हे निम्मे काम आहे.

घट्ट झालेले दार पावसाळ्यात रंधू नका. मी एकदा श्रावणात रंधले आणि मार्गशीर्षात फटीतून बोट जाऊ लागले.

जुने कडी-कोयंडे काढताना त्यांवर खडूने क्रमांक घालावेत. लाकडावरचा ऑइलपेंट खरवडल्यानंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा होतो. तेलाचे कापडी बोळे मात्र उघड्यावर पसरून वाळवावेत, कारण गोळा करून ठेवल्यास ते आपोआप पेट घेऊ शकतात.