वाचकांचे प्रश्न : क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' आणि त्यात न मावलेली क्वीन

प्रश्न : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा १९८१ सालचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो आहे. रॉकचे जाणकार असलेले माझे एक स्नेही म्हणतात की निवडक गाण्यांचा संग्रह हा कंपनीने विक्रीसाठी काढलेला माल असतो, त्याला अल्बमची प्रतिष्ठा देऊ नये. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. संग्रहामागचा व्यापारी हेतू उघडच होता. त्याच्या जोडीला चित्रफितींचा 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' हा संच आणि 'ग्रेटेस्ट पिक्स' हे छायाचित्रांचे पुस्तकही बाजारात आणण्यात आले आणि मुखपृष्ठासाठी लॉर्ड स्नोडन यांच्यासारख्या नामवंत छायाचित्रकाराने टिपलेले छायाचित्र वापरण्यात आले. ती विक्री आजतागायत थांबलेली नाही. स्ट्रीमिंगचा हिशेब धरून ब्रिटनमध्ये ७० लाखांचा टप्पा ओलांडणारा पहिला अल्बम होण्याचा मान २०२२ साली याच संग्रहाला मिळाला. परंतु केवळ जाहिरातीच्या जोरावर एखादी तबकडी चार दशके घराघरांत वाजत राहत नाही, म्हणून तिच्या रचनेकडे नीट पाहायला हवे.

'सेव्हन सीज ऑफ राय' या १९७४ सालच्या गाण्याने बँडला ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिले यश मिळवून दिले. तेव्हापासून १९८० च्या 'फ्लॅश'पर्यंतची सतरा गाणी या संग्रहात आहेत, पण ती कालक्रमाने लावलेली नाहीत. संग्रह उघडतो तो १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने. मूळ अल्बमवर हे गाणे जवळजवळ अगदी शेवटी येते आणि तोवर ऐकलेल्या सगळ्या प्रकारांचा कळस म्हणून ते ऐकू येते. येथे तेच गाणे दार उघडते. त्याच्या शेवटी पियानो मंदावतो, घंटेचा एक ठोका विरत जातो आणि पाठोपाठ 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ची कोरडी, मोजकी बेस गिटार सुरू होते. पहिल्या गाण्यात ध्वनिफितीवर थरावर थर चढवून उभा केलेला आवाजांचा डोंगर आहे, तर दुसऱ्यात जागा मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या आहेत. या दोन गाण्यांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि ती शेजारी शेजारी ठेवल्यामुळे हा बँड किती लांबवर चालत आला हे पहिल्या दहा मिनिटांतच कानाला कळते. हा अनुभव कोणत्याही मूळ अल्बममध्ये मिळत नाही, तो या संग्रहानेच निर्माण केलेला आहे.

जेथे जोड्या टिकवायला हव्या होत्या तेथे त्या टिकवल्याही आहेत. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' ही दोन गाणी १९७८ साली एकाच सिंगलवर (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर) आली होती आणि दोन्हींच्या शब्दांत एकमेकींचे उल्लेख आहेत. संग्रहात ती लागोपाठच येतात. 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही जोडी १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या आरंभी होती, ती येथे तशीच उचलून अखेरीस ठेवली आहे. यांपैकी पहिल्या, गिटारवादक ब्रायन मेच्या गाण्यात अगदी शेवटी गिटार येईपर्यंत पायांचे ठोके, टाळ्या आणि आवाज यांखेरीज काहीही नाही, आणि त्यावर गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पियानोचे गाणे येऊन टेकते. अल्बमचा प्रारंभ म्हणून ही जोडी आव्हानासारखी वाटे, संग्रहाच्या शेवटी ती भरतवाक्यासारखी ऐकू येते. मला तर ही दुसरी जागाच अधिक शोभते असे वाटते.

मात्र संग्रहाने काही धागे तोडलेही आहेत, हे आपल्या स्नेह्यांच्या बाजूने सांगायला हवे. 'क्वीन टू' या १९७४ च्या अल्बमच्या अखेरीस 'सेव्हन सीज ऑफ राय' संपता संपता समुद्रकिनाऱ्यावरच्या आनंदाचे एक जुने इंग्रजी गीत सगळेजण मिळून गाताना ऐकू येते. त्याच वर्षीच्या 'शीअर हार्ट अटॅक' या पुढच्या अल्बमच्या आरंभी जत्रेचा गलबला आहे, आणि त्यात कोणीतरी तीच चाल शिट्टीवर वाजवत असते. एका तबकडीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला असा गुंफलेला होता. संग्रहात त्या गाण्यानंतर एकदम 'वी विल रॉक यू'चे ठोके येतात. फक्त संग्रह ऐकणाऱ्याला ते सामुदायिक गाणे म्हणजे निव्वळ खोडी वाटते आणि त्यामागची योजना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

प्रश्न : माझ्या मावशीने अमेरिकेहून आणलेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या जुन्या कॅसेटवर 'अंडर प्रेशर' आहे, माझ्याकडच्या सीडीवर मात्र ते नाही. दोहोंपैकी अस्सल प्रत कोणती?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही अस्सल आहेत. १९८१ साली निरनिराळ्या देशांत त्या त्या देशात गाजलेल्या गाण्यांनुसार वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. अमेरिकी आवृत्तीत चौदा गाणी होती आणि ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीबरोबरचे, तेव्हा नुकतेच आलेले 'अंडर प्रेशर' तीत घेतले गेले. ब्रिटिश आवृत्तीत मात्र ते आले नाही. पुढे १९८२ च्या 'हॉट स्पेस' या अल्बमवर आणि १९९१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स टू'मध्ये त्याला स्थान मिळाले. अमेरिकी आवृत्तीत 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे बँडचे १९७३ चे पहिले सिंगलही सापडेल. ब्रिटनमध्ये ते यादीत चढलेच नव्हते, म्हणून तेथील संग्रहात त्याला जागा मिळाली नाही. मावशींची कॅसेट जपून ठेवावी, कारण १९९२ मध्ये अमेरिकेत त्याच नावाने निघालेल्या संग्रहातील निवड पुन्हा वेगळी आहे.

प्रश्न : क्वीनचे चौघेही सदस्य गीतकार होते असे वाचले. या सतरा गाण्यांत रॉजर टेलर यांचे गाणे कोणते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकही नाही. ब्रिटिश आवृत्तीतील दहा गाणी मर्क्युरीची, पाच ब्रायन मेची आणि दोन बेस गिटारवादक जॉन डीकनची आहेत. टेलर यांची गाणी अल्बमवर असत, परंतु तोवर सिंगलच्या मुख्य बाजूवर क्वचितच येत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला त्यांचेच 'आय एम इन लव्ह विथ माय कार' होते. तबकडीच्या विक्रीत मागच्या बाजूच्या गीतकारालाही मुख्य बाजूइतकाच वाटा मिळत असल्याने त्यांची आर्थिक प्राप्ती उत्तम झाली, पण 'हिट' म्हणून गणना झाली नाही. संग्रहाची कसोटी यश ही असल्यामुळे त्यातून बँडचे जे चित्र उभे राहते त्यात ढोल वाजवणारा आणि उंच पट्टीत साथ करणारा टेलर आहे, गीतकार टेलर नाही. ही उणीव मला खरोखर खटकते. 'रेडिओ गा गा' आणि 'अ काइंड ऑफ मॅजिक' ही त्यांची गाणी ऐंशीच्या दशकात गाजली. 'ग्रेटेस्ट हिट्स टू' सुरू होतो तोच त्यांपैकी दुसऱ्या गाण्याने. त्या दुसऱ्या संग्रहानंतर काही आठवड्यांतच, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, मर्क्युरी यांचे निधन झाले.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकले हे खरे का? त्याचा ठसा या गाण्यांत ऐकू येतो का?
— एक वाचक, वाई

उत्तर : होय. झांझिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेले फारुख बलसारा (हे मर्क्युरींचे मूळ नाव) पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकले. तेथे ते पियानो शिकले आणि शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये वाजवत असत. १९६४ मध्ये त्यांचे कुटुंब इंग्लंडला गेले. या संग्रहात रागदारी शोधणे मात्र ओढूनताणून केल्यासारखे होईल. ऐकायचाच असेल तर पियानो ऐकावा. 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह' आणि 'प्ले द गेम' ही गाणी पियानोपुढे बसून सुचलेली आहेत हे लगेच जाणवते, आणि पियानोवर बसण्याची ही सवय पाचगणीत लागली, एवढे आपल्या भागातील लोकांनी अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : संग्रह आवडला. आता क्वीनचा मूळ अल्बम ऐकायचा तर कोणत्यापासून सुरुवात करावी?
— एक वाचक, पणजी

उत्तर : १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'पासून. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' ही दोन ओळखीची गाणी त्यात भेटतील, पण आपण तबकडीची दुसरी बाजू आधी लावावी असे सुचवतो. तिचा प्रारंभ मेच्या 'द प्रॉफेट्स साँग'ने होतो. आठ मिनिटांहून मोठे असलेले हे गाणे सिंगल होणे शक्यच नव्हते, म्हणून ते कोणत्याही 'हिट्स'च्या यादीत येत नाही. त्याच्या मध्यावर वाद्ये थांबतात आणि मर्क्युरींचा एकट्याचा आवाज ध्वनिफितीवर काही क्षणांच्या विलंबाने परत परत येऊन स्वतःशीच साथ करू लागतो. हा भाग हेडफोन लावून ऐकावा, कारण आवाज डावीकडून उजवीकडे कसा सरकतो हे साध्या स्पीकरवर पुरेसे उमगत नाही. त्यातूनच खंड न पडता 'लव्ह ऑफ माय लाइफ' सुरू होते. १९८१ साली अर्जेंटिना आणि ब्राझीलमधील कार्यक्रमांत हजारो श्रोत्यांनी ते मर्क्युरींबरोबर शब्दन्‌शब्द गायले होते, आणि त्याच वर्षीच्या संग्रहात मात्र ते नाही. ही बाजू पचनी पडली की 'शीअर हार्ट अटॅक' घ्यावा आणि त्याच्या आधी 'क्वीन टू'चे शेवटचे गाणे अवश्य ऐकावे.