जलाशयाचा किनारा नकाशाशी का जुळत नाही?

प्रश्न : अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या फोर्ट पेक जलाशयाचा एक जुना स्थलनिर्देशक नकाशा माझ्या संग्रहात आहे. त्यावरचा किनारा आजच्या उपग्रहचित्रांशी काही ठिकाणी जुळत नाही, आणि काही रस्ते व तळी जांभळ्या रंगात छापलेली आहेत. नकाशा सदोष समजावा का? तो कोणत्या सालचा मानावा?

उत्तर : सदोष मुळीच नाही. मिसुरी नदीवरील या मातीच्या धरणाचे काम १९३३ मध्ये सुरू होऊन १९४० मध्ये पूर्ण झाले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांवर जलाशयाचा किनारा साधारणपणे एका ठरावीक पातळीला धरून काढलेला असतो. पाणी त्या रेषेवर प्रत्यक्षात कधी असते, कधी नसते. ती पातळी बहुधा निळ्या अंकांत फुटांमध्ये छापलेली असते, ती आधी शोधावी.

मग विसंगती नेमकी कोठे आहे ते पाहावे. तपकिरी समोच्चरेषा जेथे एकमेकींपासून दूर आहेत, तेथे उतार मंद असल्याने पाणी थोडे उतरले तरी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. याउलट घळ्यांनी चिरलेल्या उत्खातभूमीत, जेथे रेषा इतक्या दाटतात की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत, तेथे किनारा जागचा फारसा हलू नये. तेथेही तो हललेला दिसला, तर काठ ढासळल्याची शक्यता मी आधी विचारात घेईन, कारण या भागातला बेंटोनाइटयुक्त (म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती असलेला) शेल खडक भिजला की घसरतो. अशाच कमकुवत शेलमुळे १९३८ मध्ये बांधकाम चालू असतानाच धरणाचा एक भाग घसरला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. (नकाशावरच्या तुटक रेषांच्या कच्च्या वाटाही याच मातीच्या असतात, पावसानंतर त्यांवर गाडी नेण्याचा विचारही करू नये.)

जांभळा रंग म्हणजे नंतरची दुरुस्ती. ती हवाई छायाचित्रांवरून केलेली असते आणि सहसा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळलेली नसते, म्हणून जांभळ्या तळ्यापेक्षा निळ्या तळ्यावर अधिक विश्वास ठेवावा. सालाचे म्हणाल, तर समासात छायाचित्रणाचे, क्षेत्रपडताळणीचे आणि दुरुस्तीचे साल बहुधा वेगवेगळे दिलेले असते. संग्रहाच्या नोंदवहीत मूळ साल लिहून पुढे दुरुस्तीचे साल जोडावे. नुसते छपाईचे साल लिहिल्यास जमिनीचे चित्र प्रत्यक्षापेक्षा नवे वाटेल.