दूधसागरचा कडा भूकंपात जमीन तुटून तयार झाला का?

नाही, तो कोट्यवधी वर्षांच्या झिजेने घडला. पश्चिम किनाऱ्याजवळ भूखंड फाटला, काठ उचलला गेला आणि मग पावसाने, नद्यांनी तो कडा खात खात पूर्वेला मागे नेला. खूण नकाशावरच दिसते: भूकंपात जमीन उचलून तयार झालेला ताजा बांध बराचसा सरळ रेषेत जातो, सह्याद्रीची कड मात्र गोव्यात उत्तरेच्या सत्तरीपासून दक्षिणेच्या काणकोणपर्यंत नागमोडी आहे. भूकंपाने उचललेली जमीन पाहायची तर कच्छचा अल्लाबंद पाहा. १८१९ साली सपाट रणात काही मीटर उंचीचा, मैलोन्‌मैल लांब बांध उभा राहिला आणि शेजारचा सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. केवढी ताकद! अर्थात, भूखंड फाटताना इथेही भूकंप झालेच असणार. पण आज दिसणारा कडा पाण्यानेच कोरलाय.