कातडी तिची आहे

अरे,

काल बायकोच्या तिळाच्या तपासणीबद्दल फोनवर अर्धा तास बोललास, त्यात 'आमची बायोप्सी, आमचा रिपोर्ट' किती वेळा म्हणालास? बाबा रे, टाके तुला पडलेले नाहीत. कातडी तिची आहे.

रिपोर्टमध्ये 'नक्की सांगता येत नाही' असं लिहिलं म्हणून त्या पॅथॉलॉजिस्टवर, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरवर, चिडू नकोस. पंच बायोप्सीत गोल पातीनं काढलेला तुकडा असतो 3-4 मिलिमीटरचा, आणि साधा तीळ आणि मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) यांच्या मधले काही नमुने असे असतात की मुरलेले दोन पॅथॉलॉजिस्टसुद्धा एकच स्लाइड बघून वेगवेगळं बोलतात. संशय आहे तिथे संशय लिहिणारा मला तरी प्रामाणिक वाटतो. स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असतो, तो मागून त्वचेच्याच पॅथॉलॉजीतल्या माणसाकडे पाठवता येतो, त्यासाठी लगेच पुन्हा कापावं लागतंच असं नाही. कधी डॉक्टर म्हणतात, भोवतीची थोडी निरोगी कातडी धरून सगळा तीळच काढू, म्हणजे पूर्ण तपासता येईल. पण यातलं काहीही परस्पर ठरवायचं नाही. तिला विचार.

मी नव्हतं विचारलं. आमच्या हिच्या पोटरीवरच्या तिळाचा रिपोर्ट मी एकट्यानं आणला, 'एटिपिकल' (नेहमीपेक्षा वेगळ्या पेशी) शब्द वाचून हातपाय गार पडले आणि कागद कपाटात कपड्यांखाली सारला. चार दिवस. तिला म्हणालो, अजून आला नाही. हेतू वाईट नव्हता रे, मुलांच्या परीक्षा होत्या, ती आधीच झोपत नव्हती, आणि आजही वाटतं की तिच्या जागी मी असतो तर मला ते चार दिवस हवेच असते. पण मी तिच्या जागी नव्हतो ना! पाचव्या दिवशी तिनेच लॅबला फोन लावला. भांडली नाही. फक्त त्या संध्याकाळी ड्रेसिंग स्वतः बदललं, पाय वाकडा करून, निळ्या दोऱ्याच्या दोन गाठी, त्यावर व्हॅसलिन, वर गॉज, आणि मी शेजारी चिकटपट्टी हातात धरून उभा. ती तिने मागितलीच नाही.

म्हणून सांगतो, रात्री दोन वाजता गूगलवर फोटो बघून सकाळी तिच्यासमोर 'काही होत नाही गं' म्हणणं बंद कर. तिला कळतं सगळं. तिला धोक्याचे आकडे ऐकायचेत का, आईला सांगायचंय का, डॉक्टरांकडे तू आत यायचंस का बाहेर बसायचंस, हे ती सांगेल. आत घेतलं तर वही घेऊन बस, लिहून घे, तोंड मिटून. कातडी तिची आहे, कितव्यांदा सांगू!

आणि त्या जादा तपासणीत मेलानोमाची खूण म्हणून जो मार्कर शोधतात त्याचं नाव 'प्रेम' (PRAME) आहे, त्यावर ती म्हणाली 'हे एकच प्रेम निगेटिव्ह आलेलं बरं' आणि खो खो हसली, तर तुला राग आला? इतकं गंभीर असताना हसते कशी म्हणे. अरे हसू दे की! घाबरायचं कसं हेसुद्धा तूच ठरवणार का?

आमची ही आता महिन्यातून एकदा सगळे तीळ स्वतः तपासते. पाठ दिसत नाही, तेवढ्यापुरती मला हाक मारते. मी चष्मा लावून, टॉर्च घेऊन जातो, आणि जे दिसतं तेच सांगतो.