‘अँटिगनी’चा शोकनायक क्रेऑनच, पण कारण अहंकार नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोफोक्लीजच्या या ग्रीक शोकांतिकेचं नाव ‘अँटिगनी’, राजाची बंदी मोडून भावाला माती दिली म्हणून जीव जातो तिचा, मग नोट्समध्ये शोकनायक म्हणून थीब्जचा राजा क्रेऑन का? आणि त्याचा प्रमाद (म्हणजे नाश ओढवणारी चूक) कोणता, तर फक्त ‘अहंकार’?

पहिल्या भागात नोट्स बरोबर आहेत. ॲरिस्टॉटलच्या कसोटीला क्रेऑनच उतरतो. धड संत नाही, धड दुष्टही नाही. मोठ्या पदावरचा माणूस, हातून घोडचूक होते आणि होत्याचं नव्हतं होतं. अँटिगनीचं मरण तिने पहिल्याच प्रवेशात पत्करलेलं असतं. नाटकाच्या साधारण 1350 ओळींपैकी शेवटच्या 400 ओळींत तर ती रंगमंचावर येतच नाही. तिथून पुढे सगळा भार क्रेऑनवर.

‘अहंकार’ मात्र मला पटत नाही. गाईडवाल्यांनी हा शब्द इडिपसपासून सगळ्यांना सरसकट चिकटवलाय. क्रेऑनचं पहिलं भाषण नीट वाचा. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस याने थीब्जवर आणलेली आर्गोसची फौज नुकतीच पळालीय. अशा वेळी आप्तांपेक्षा राज्य मोठं, असं नवा राजा म्हणाला तर त्यात माज कसला? पुढे इ.स.पू. 343 मध्ये डेमॉस्थेनिस या वक्त्याने हेच भाषण अथेन्सच्या न्यायालयात वाचायला लावलं, देशभक्तीचा दाखला म्हणून! त्याचा प्रतिवादी आस्खिनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑन केला होता. तेव्हा टोला दुहेरी.

देशद्रोह्याला अथेन्सही आपल्या मातीत जागा देत नसे. पण हद्दीबाहेर नेऊन पुरायला आडकाठी नव्हती. क्रेऑन पॉलिनायसीसचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांपुढे टाकतो आणि त्याला माती देणाऱ्या अँटिगनीला जिवंत गुहेत चिणतो. मेलेल्याला वर ठेवलंस आणि जिवंत जिवाला खाली गाडलंस, अशा अर्थाचं आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस त्याला सुनावतो, ते यासाठीच.

आता एक जागा दाखवतो, जी वर्गात बहुधा निसटते. टायरेसियसचं ऐकून क्रेऑन घाबरतो आणि सल्ला विचारतो. कोरस (थीब्जमधल्या वृद्धांचा वृंद) सांगतो, जा, मुलीला सोडव आणि मग प्रेताचं थडगं बांध. दूताच्या वृत्तान्तात क्रम उलटा झालेला दिसतो : आधी पॉलिनायसीसचे अवशेष धुतले, दहन केलं, मातीचा ढिगारा रचला आणि मग गुहेकडे निघाले. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला. क्रेऑनचा मुलगा आणि तिचा वाग्दत्त वर हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडतोय. बापाला पाहून तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो, तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. (जाणूनबुजून हात उगारायचा आणि कृत्य तडीस जायचं नाही, ही रचना ॲरिस्टॉटलला मुळीच आवडत नाही, उदाहरण म्हणून तो हाच प्रसंग देतो.) क्रेऑनची बायको युरिडिसी ही बातमी ऐकते, अवाक्षर न काढता आत जाते आणि नवऱ्याला पुत्रघातकी म्हणून शाप देत जीव देते.

पेपरात ‘अहंकार’ लिहायचाच असेल तर लिहा, पण उलटा पडलेला हा क्रमही लिहा. आणि प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ हेगेलवर आला तर उत्तर वेगळं द्यावं लागेल. त्याच्या लेखी अँटिगनी आणि क्रेऑन, दोघांचीही बाजू न्याय्य आणि दोघांचीही अपुरी.