कोचीला पहिल्यांदा जाताना

बेत आखताना आधी वार बघा, हॉटेल नंतर. मट्टांचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि 1568 चं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी. सिनेगॉग शुक्रवारीही दुपारनंतर मिळत नाही. शुक्रवार-शनिवार गाठून जाणाऱ्यांची तिथेच फसगत होते. सोमवार ते गुरुवार उत्तम.

एर्नाकुलम जंक्शनला उतरलात तर थेट फोर्ट कोचीची रिक्षा करू नका, पुलांवर वाहतूक तुंबते. रिक्षा बोट जेट्टीपर्यंतच घ्या आणि पुढे फेरीने जा. स्वस्त पडतं, शिवाय बंदर पाण्यावरून दिसतं. हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोही आहे.

मट्टांचेरी पायीच फिरा, घाई न करता. पॅलेसमधली रामायणाची भित्तिचित्रं बघायला निवांत वेळ ठेवा. पुढे गुजराती वस्ती, जैन मंदिर आणि चेरळाईचं तिरुमल देवस्वम. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांचं हे देऊळ. इथे आजही कोंकणी ऐकू येते. कान देऊन ऐका, बरंच कळेल. देवळं दुपारी बंद होतात, आणि केरळात बऱ्याच ठिकाणी पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. धोतर किंवा मुंडू जवळ असू द्या.

फोर्ट कोचीला मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी कोळी दोर ओढायला बोलावतात. नंतर पैसे मागतात, तेव्हा रक्कम आधीच ठरवा. तिथे मासळी घेऊन शिजवून घेणार असाल, तर मासळीचा आणि शिजवण्याचा भाव वेगवेगळा विचारा.